सातही दिवस चालणाऱ्या सेवांतील साप्ताहिक सुटीचे नियोजन

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखालील मुंबईच्या गिरणी कामगारांच्या चळवळीस यश येऊन जून १८९० मध्ये रविवारची सुटी मान्य झाली. गिरणी आठवड्यातून एक दिवस बंद ठेवता येते. रुग्णालय अथवा वीजनिर्मिती केंद्र तसे ठेवता येत नाही. अशा ठिकाणी सुटी सामूहिक न राहता व्यक्तिगणिक वाटावी लागते आणि हे वाटप जितके गणिताचे तितकेच न्यायाचे असते.

एखाद्या रुग्णकक्षात दिवसपाळीस रोज ६ परिचारिका आवश्यक आहेत, असे मानू. आठवड्याच्या एकूण ४२ पाळ्या होतात. सहा दिवस काम व एक दिवस सुटी या हिशेबाने ७ परिचारिका पुरतात आणि प्रत्येकीच्या सुटीचा वार वेगळा असतो. (रजा व आजारपण यांसाठीचे राखीव मनुष्यबळ येथे धरलेले नाही, प्रत्यक्षात ते धरावेच लागते.) मात्र रविवार एकीच्याच वाट्याला येतो. ज्येष्ठतेच्या आधारे तो कायमचा एकीस दिला, तर उरलेल्या सहाजणींना मुलांच्या शाळेच्या सुटीचा दिवस घरी कधीच मिळत नाही. म्हणून सुटीचा वार दर आठवड्यास बदलण्याची पद्धत स्वीकारली जाते.

वार कोणत्या दिशेने बदलावा, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. पण तसा तो नाही. आठवडा सोमवारपासून मोजू. सुटी सोमवार, मंगळवार, बुधवार अशी पुढे सरकत गेल्यास दोन सुट्यांमध्ये सलग ७ दिवस काम पडते. सातव्या आठवड्याचा रविवार व आठव्याचा सोमवार मात्र जोडून मिळतात. याउलट रविवार, शनिवार, शुक्रवार अशी ती मागे सरकवल्यास मध्ये केवळ ५ दिवस काम येते. ही रचना अधिक सुखाची भासते. परंतु सातव्या आठवड्यात सोमवारी सुटी घेतलेल्या परिचारिकेस पुढील सुटी थेट आठव्या आठवड्याच्या रविवारी मिळते, म्हणजे मध्ये सलग १२ दिवस काम! सुट्यांची संख्या दोन्ही तक्त्यांत सारखीच, ४९ दिवसांत ७. कारखाने अधिनियम, १९४८ ने सुटीचा वार बदलताना सलग दहा दिवसांहून अधिक काम पडू नये, अशी मर्यादा घातली होती. त्या कसोटीवर दुसरा तक्ता टिकत नाही, आणि केवळ सुट्या मोजणाऱ्या कार्यालयास हा दोष दिसतही नाही.

पाच दिवसांचा आठवडा व जोडून दोन सुट्या द्यावयाच्या झाल्यास ४२ भागिले ५ म्हणजे ८.४, अर्थात किमान ९ परिचारिका लागतात. या स्वरूपाच्या समस्येवर तिब्रेवाला, फिलिप व ब्राउन यांनी १९७२ मध्ये संशोधन प्रसिद्ध केले होते. प्रस्तुत उदाहरणात रोज अधिकाधिक तिघींना सुटी देता येते. त्यामुळे रविवार सात आठवड्यांतून एकदा येण्याऐवजी सरासरी तीन आठवड्यांतून एकदा येऊ शकतो. दोन पदांचा वाढीव खर्च हे त्याचे मोल आहे. त्यातून आठवड्याला तीन पाळ्या शिल्लक राहतात आणि एखादीच्या आकस्मिक रजेच्या वेळी त्याच उपयोगी पडतात.