शिबिराचा आठवा दिवस

सिमेंटच्या रिकाम्या गोणीत माती भरायची, तोंड शिवायचं आणि ओढ्यात एकीवर एक रचायची. वनराई बंधाऱ्याची कृती एवढीच. पण गोणीवर नेमकी गोणी ठेवली की पाणी सांध्यांतून निसटतं. विटांच्या भिंतीसारखी सांधमोड करावी लागते. कॉलेजच्या पोरांना हे सांगतात ते बहुधा काठावर तंबाखू मळत बसलेले कुणी आजोबा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरातलं खरं शिक्षण हे. आणि नेमकं तेच कुठल्या रजिस्टरात चढत नाही.

विद्यार्थ्यांनी समाजसेवा करावी, या कल्पनेचा पूर्वेतिहास मोठा आहे. 1959 साली चिंतामणराव देशमुखांच्या समितीने तर कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला नऊ महिने ते वर्षभर राष्ट्रीय सेवा सक्तीची करावी, असं सुचवलं होतं. खर्च आणि अंमलबजावणीच्या अडचणींपुढे ते बारगळलं. पुढे शिक्षणतज्ज्ञ के. जी. सय्यदैन यांनी परदेशांतल्या अशा योजना अभ्यासून सेवा ऐच्छिक ठेवण्याचा सल्ला दिला. अखेर गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, 37 विद्यापीठांत 40 हजार विद्यार्थ्यांसह योजना सुरू झाली. ‘माझ्यासाठी नव्हे, तर तुमच्यासाठी’ हे ब्रीद, वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240 आणि सात दिवसांचं एक शिबिर.

तासांचा हिशेब चोख आहे. माझी तक्रार नेमकी त्याच्याबद्दलच आहे. तास भरले की प्रमाणपत्र मिळतं. काय उमगलं, हे कुणी विचारत नाही.

आमच्या शिबिरात आम्ही शोषखड्डे खणले. पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री शाळेच्या पटांगणात नाटुकली. समारोपाला पाहुणे आले, फोटो निघाले. दोन वर्षांनी एका लग्नासाठी त्याच गावात गेलो, तर सांडपाणी पुन्हा रस्त्यावर. खड्डे गाळाने बुजले होते. गाळ कुणी आणि कधी काढायचा, हे ठरलंच नव्हतं. खड्डा कुणाच्या दारात घ्यायचा, हे सरपंचांनी ठरवलं होतं आणि वस्तीच्या शेवटच्या टोकाला एकही नव्हता. कुदळ मारताना हे माझ्या डोक्यातही आलं नाही. समाजशास्त्राच्या पेपरात मात्र ग्रामीण सत्तारचनेवर मी पानभर लिहून आलो होतो.

याच्या उलट वाट बाबा आमट्यांची. सेवा योजनेच्याही दोन वर्षं आधी, 1967 मध्ये, त्यांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली. मे महिन्यातलं चंद्रपूरचं ऊन आणि सवलतीचा एकही गुण नाही, तरी पोरं जात राहिली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 2006 मध्ये ‘निर्माण’ हा तरुणांसाठीचा उपक्रम सुरू केला. तिथे एका शिबिरावर भागत नाही, पुन्हा यावं लागतं, आणि मधल्या काळात ‘मी काय करणार’ हा प्रश्न पाठ सोडत नाही. दोन्हीकडे कामाइतकंच महत्त्व कामानंतरच्या बोलण्याला आहे.

2020 च्या शैक्षणिक धोरणाने समाजसेवेला श्रेयांक दिले. महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमांतही आता क्षेत्र प्रकल्प, समाजसंपर्क आले आहेत. सेवेला वेळापत्रकात जागा मिळाली, हे चांगलंच. धास्ती वाटते ती जर्नलची. प्रयोगशाळेतल्या जर्नलांचं आपण काय केलं, ते सर्वांना ठाऊक आहे. गावाचं सर्वेक्षणही तसंच एकाच्या वहीतून चाळीस वह्यांत उतरायला वेळ लागणार नाही.

म्हणून कार्यक्रम अधिकाऱ्यांना एवढीच विनंती. शिबिर डिसेंबरात झालं असेल, तर मार्चमध्ये एका रविवारी त्याच पोरांना घेऊन त्याच गावी जा. फावडी नेऊ नका. बंधाऱ्यामागे पाणी किती उरलंय ते बघा, ते कुणाच्या विहिरीला लागलं आणि कुणाच्या नाही, हे घरोघर विचारा. आणि काठावरचे ते आजोबा भेटले, तर त्यांचं नाव विचारून घ्या. अहवालात सरपंचांच्या आधी लिहा.