शरदांतलें तोंडीलावणें : तांबडा भोपळा आणि पेरू



मराठी भाषेनें भोपळ्याला फारसें चांगलें वागविलेलें नाहीं. परीक्षेंत शून्य पडलें तर आपण 'भोपळा मिळाला' म्हणतों, भ्रम नाहींसा झाला तर 'भ्रमाचा भोपळा फुटला' म्हणतों, आणि दोघांचें हाडवैर सांगावयाचें असलें म्हणजे विळ्याभोपळ्याच्या सख्याची आठवण काढतों. जेवणाच्या पानावरहि त्याची हीच दशा. पुष्कळ घरीं भोपळ्याची भाजी म्हटली कीं मुलें ताट दूर सारतात. ह्यांत दोष भोपळ्याचा कमी आणि आपल्या रांधण्याचा अधिक आहे, असें माझें मत आहे. आश्विन-कार्तिकांत सहज करतां येण्याजोग्या एका तोंडीलावण्याच्या आधारें तें आज मी आपणांपुढें मांडणार आहें.

हें तोंडीलावणें म्हणजे तांबडा भोपळा व पेरू ह्यांचें दह्यांतील भरीत. तांबड्या भोपळ्याला कोठें डांगर असेंहि म्हणतात. त्याचें भरीत आपल्याकडे जुनेंच आहे, आणि पेरूची कोशिंबीरहि कांहीं नवी नाहीं. ह्या दोघांना एका पात्रांत आणावयाचें, इतकेंच. मात्र त्यांत एक नियम पाळावा लागतो : भोपळ्याला विस्तव आणि तूप हवें, पेरूला विस्तव मुळींच नको.

हा नियम केवळ रुचीचा नाहीं. भोपळ्याच्या गराचा केशरी रंग मुख्यतः कॅरोटीन जातीच्या द्रव्यांचा असतो, आणि त्यांपासून शरीर अ जीवनसत्त्व बनवितें. ह्या जीवनसत्त्वाच्या अभावीं रातांधळेपणा येतो, आणि हयगय झाल्यास लहान मुलांची दृष्टि कायमची जाऊं शकते. भारतांत मुलांना ह्या जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० सालीं सुरू करावा लागला, ह्यावरून प्रश्नाचें गांभीर्य ध्यानांत येईल. परंतु कॅरोटीन पाण्यांत विरघळत नाहीं, स्निग्ध पदार्थांत विरघळतें. न शिजलेल्या गराच्या पेशींत तें कोंडलेलें असतें. शिजविल्यानें त्या पेशी सैल होतात, आणि तुपाच्या सोबतीनें तें शरीराला अधिक सुलभपणें घेतां येतें. म्हणून भोपळ्यावरची तुपाची फोडणी ही चैन नव्हे. अन्न अंगीं लागावें ह्यासाठींच ती आहे.

पेरूची गोष्ट नेमकी उलट. त्याचें धन म्हणजे क जीवनसत्त्व. शंभर ग्रॅम पेरूंत तें सुमारें २०० मिलिग्रॅम असतें, म्हणजे संत्र्याच्या जवळजवळ चौपट. तें पाण्यांत विरघळतें, उष्णतेनें नाश पावतें आणि चिरलेलें फळ उघडें राहिलें तरी घटूं लागतें. म्हणून पेरू न शिजवितां, आणि अगदीं शेवटीं घालावयाचा.

आतां निवड. भोपळा आकाराच्या मानानें जड, टणक सालीचा व सुकलेल्या देठाचा असावा. अखंड भोपळा महिनोन्‌महिने टिकतो. साठवणींत त्यांतील पिष्टाची हळूहळू साखर होते व तो अधिक गोड लागतो. मंडईंत चिरलेली फांक घेत असाल तर जिचा गर गडद केशरी ती घ्यावी. चिरल्यावर न शिजलेल्या गराचा लहानसा तुकडा जिभेवर ठेवून पाहावा. तो कडू लागला तर भोपळा खुशाल टाकून द्यावा. हा कडूपणा विषारी असून शिजविल्यानें जात नाहीं. तेथें काटकसर करूं नये. पेरू पिकलेला परंतु करकरीत असावा.

चौघांसाठीं अर्धा किलो भोपळा, एक मोठा पेरू, पाऊण वाटी घट्ट दहीं, दोन चमचे शेंगदाण्यांचें कूट, एक मोठा चमचा तूप, एक लहान चमचा जिरें, दोन हिरव्या मिरच्या, मीठ व चिमूटभर साखर एवढें साहित्य पुरतें.

भोपळ्याच्या सालीसकट मोठ्या फोडी करून त्या चाळणींत ठेवाव्यात व दहा-बारा मिनिटें वाफवाव्यात. पाण्यांत उकडूं नयेत. भोपळा मुळांतच पाणीदार. त्यांत आणखी पाणी मुरलें कीं भरीत ओलसर व बेचव होतें. मुलांच्या नावडीचें मूळ बहुधा येथेंच असतें. फोडी मऊ होतांच गर चमच्यानें काढून घ्यावा, पसरट ताटांत पसरून त्याची वाफ जाऊं द्यावी, आणि तो हलक्या हातानें मोडावा. लगदा करूं नये. गर कोमट असतांनाच तूप तापवून जिरें व मिरचीची फोडणी त्यावर ओतावी व कालवावी, म्हणजे तूप सर्वत्र पोंचतें. मग मिश्रण पूर्ण निवूं द्यावें. उष्ण गरांत दहीं घातलें तर तें फुटतें. निवाल्यावर दहीं, कूट, मीठ व साखर मिसळावी. उरलेलें पाणी कूट शोषून घेतें.

पानें मांडलीं म्हणजे मग पेरू घ्यावा. साल काढूं नये; मधला बियांचा गोळा तेवढा काढून बारीक फोडी कराव्यात व वरून घालाव्यात. आधीं घातल्यास मिठानें त्यांस पाणी सुटतें. मऊ भोपळा, आंबट दहीं आणि करकरीत पेरू असे तीन निराळे स्पर्श एका घासांत येतात, आणि भोपळ्याच्या एकसुरी गोडीचा कंटाळा येत नाहीं.

हें मिश्रण उपासाच्या पानाला चालेल काय, असें कोणी विचारील. ज्या घरीं भोपळा चालतो तेथें अडचण नसावी. शिवाय एक गंमत पाहा. तांबडा भोपळा, पेरू, मिरची आणि शेंगदाणा हीं चारहि मूळचीं अमेरिका खंडांतलीं. १४९२ नंतर समुद्र ओलांडून तीं जुन्या जगांत आलीं. आपल्या आज्या-पणज्यांनीं ह्या पाहुण्यांना नवरात्राच्या फराळांत मानानें बसविलें. त्यांतील दोघांची जोडी आपण नव्यानें जुळवावी, एवढेंच माझें मागणें. विळा आणि भोपळा ह्यांचें सख्य होवो न होवो. भोपळा आणि आपलीं मुलें ह्यांचें मात्र झालेंच पाहिजे.