परसातील फुलझाडे आणि शेतातले औषध

जळगाव जिल्ह्यातील भडगाव तालुक्याची ओळख सांगताना गिरणा नदी, कापूस आणि केळी यांचा उल्लेख प्रथम होतो व तो योग्यच आहे. परंतु या भागात आणखीही एक लागवड आहे, की जिची नोंद सात-बाराच्या उताऱ्यावर कधीच होत नाही. घराच्या मागील दारी, मोरीच्या पाण्यावर वाढणारी जास्वंद, ओट्याला लागून असलेला मोगरा, कुंपणाशी आपोआप उगवणारी गुलबक्षी, सदाफुली, तगर, एखादे गुलाबाचे झुडूप आणि दसरा-दिवाळीच्या बेताने लावलेला झेंडू, ही ती लागवड होय. श्रावणातील कानबाईच्या रोटांपासून भुलाबाईच्या गाण्यांपर्यंत खानदेशातील सणांना लागणारी पुष्कळशी फुले या परसांतूनच येतात. या बागेची निगा बहुधा घरातील स्त्रिया राखतात आणि तिच्याविषयीचे ज्ञानही एका परसातून दुसऱ्या परसात असेच तोंडी जात असते. कोणाची शेवंती कशाने वाळली, कोणाच्या गुलाबाला कशाने फूट आली, याची चर्चा पाण्याच्या नळावर होते व तिच्यातून शिकण्यासारखे खूप असते.

या देवघेवीत अलीकडे एक नवीन सल्ला शिरला आहे आणि त्याच्याविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. जास्वंदीवर पांढरी कीड दिसली, की कपाशीच्या फवारणीतून उरलेल्या बाटलीतील ‘औषध’ थोडे मारावे, असा तो सल्ला होय. ज्या द्रव्याने जीव जातो, त्याला आपल्या भाषेत औषध म्हणण्याचा प्रघात पडला आहे, हे दुर्दैवच म्हटले पाहिजे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. ती माणसे उघड्या शेतात काम करीत होती. परस हे तर चार भिंतींमधले, लहान मुलांच्या खेळण्याचे ठिकाण. तेथे जास्वंदीच्या शेजारीच तुळस असते, कढीपत्ता असतो, पुदिना असतो. पुष्कळशी कीटकनाशके झाडाच्या रसात भिनतात व काही दिवस तेथेच राहतात. पान धुतल्याने ती जात नाहीत. जास्वंदीचे फूल देवाला वाहिले जाते, मोगरा केसांत माळला जातो, आणि कढीपत्ता तर त्याच दिवशी फोडणीत पडतो. शेतासाठी आणलेल्या द्रव्याचे प्रमाण पंपाला आणि एकराला सांगितलेले असते. दोन झुडपांसाठी ते टोपणाने मोजण्याचा प्रयत्न हा निव्वळ अंदाज असतो. त्यातून उरलेले विष पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय तर सर्वांत घातक होय. तशी बाटली घरात असेल तर ती आजच मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी, कुलपात हलवावी.

कपाशी आणि जास्वंद : एकाच कुळातील

परसातील कीड आणि शेतातील कीड यांचा संबंध मात्र खरा आहे, आणि भडगावसारख्या कापूस पिकविणाऱ्या तालुक्यात तो समजून घेणे अगत्याचे ठरते. जास्वंद, कपाशी, भेंडी आणि अंबाडी ही चारही झाडे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच कुळातील आहेत. त्यांच्या फुलांची ठेवण शेजारी शेजारी ठेवून पाहिली तर हे नाते कोणाच्याही ध्यानात येईल. साहजिकच मावा, तुडतुडे, पांढरी माशी व पिठ्या ढेकूण या रस शोषणाऱ्या किडींना ही सर्वच झाडे मानवतात. शेतातील कपाशी उपटली जाते, रान उन्हाळाभर मोकळे पडते. परंतु परसातील जास्वंद बारमाही हिरवी असते. किडीला उन्हाळा काढण्यासाठी याहून चांगला आसरा कोणता मिळणार?

पिठ्या ढेकणाचे उदाहरण यादृष्टीने बोलके आहे. मूळचा अमेरिका खंडातील असलेला या किडीचा एक प्रकार 2006 च्या सुमारास गुजरात, महाराष्ट्र व उत्तर भारतातील कपाशीवर मोठ्या प्रमाणावर दिसू लागला. बीटी कपाशीला आपल्या देशात 2002 साली परवानगी मिळाली होती. पण तिच्यातील गुण बोंडअळ्यांसाठी आहे, रस शोषणाऱ्या किडींवर त्याचा परिणाम होत नाही. या ढेकणाच्या अंगावर मेणकट पांढरी भुकटी असते, तिच्यामुळे फवारलेले द्रव्य त्याच्या शरीरापर्यंत नीट पोचत नाही. म्हणजे उरलेल्या बाटलीचा सल्ला धोकादायक तर आहेच, शिवाय तो पुष्कळदा निरुपयोगीही ठरतो. याच्या उलट घडले ते असे, की 2008 च्या सुमारास एनॅशियस नावाची एक अतिशय लहान परोपजीवी गांधीलमाशी या ढेकणांच्या शरीरात अंडी घालताना आढळली. तिची पिल्ले ढेकणाला आतून खाऊन संपवितात. ज्या शेतांत विषारी फवारण्या कमी होत्या, तेथे या माशीला वाव मिळाला. पिठ्या ढेकणांच्या पुंजक्यात काही ढेकूण फुगीर, तपकिरी व कडक झालेले दिसले, तर ते या माशीचेच काम समजावे, आणि अशी फांदी तोडून जाळू नये.

मुंग्यांकडेही लक्ष द्यावयास हवे. मावा आणि पिठ्या ढेकूण यांच्या अंगातून गोड, चिकट द्रव पाझरतो. मुंग्या त्यासाठी या किडींची राखण करतात, त्यांच्या शत्रूंना हाकलतात आणि पिल्लांना नव्या फांद्यांवर नेऊनही सोडतात. त्याच द्रवावर पुढे काळी बुरशी चढते व पाने काजळी लागल्यासारखी दिसतात. म्हणून जास्वंदीच्या खोडावर मुंग्यांची रांग दिसू लागली, की वरच्या शेंड्यांत कीड आहे असे खुशाल समजावे. खोडाला कापडाची पट्टी बांधून तिला एरंडेल किंवा ग्रीस लावल्यास मुंग्यांची वाट बंद होते. जमिनीला टेकलेल्या फांद्या मात्र त्याआधी छाटावयास हव्यात, नाहीतर मुंग्या तिकडून चढतात.

मित्र कोण, शत्रू कोण

हाताने कीड वेचणे हा लहान बागेतील सर्वांत खात्रीचा उपाय होय. पण वेचताना ओळख पक्की पाहिजे. लाल किंवा नारिंगी पाठीवर काळे ठिपके असलेला वाटोळा ढालकिडा बहुतेकांना माहीत असतो. त्याची अळी मात्र लांबट, करड्या रंगाची, अंगावर काट्यांसारखे उंचवटे असलेली आणि दिसायला ओंगळ असते. मावा खाण्यात ती प्रौढ किड्यापेक्षा कमी नाही, तरी पुष्कळ ठिकाणी तीच पहिली चिरडली जाते. पानावर केसासारख्या बारीक दांड्याच्या टोकाला एकेक पांढरे अंडे उभे दिसले, तर ते क्रायसोपा या मित्रकीटकाचे होय. क्रिप्टोलीमस नावाच्या ढालकिड्याची तर आणखी गंमत आहे. ऑस्ट्रेलियातून हा किडा आपल्या देशात 1898 साली आणला गेला. पिठ्या ढेकूण हे त्याचे आवडते खाद्य. परंतु त्याच्या अळीच्या अंगावरही पांढऱ्या मेणाचे झुपके असल्याने ती हुबेहूब मोठ्या ढेकणासारखीच दिसते. ढेकूण जागच्या जागी चिकटून असतो, ही अळी चपळपणे फिरते, एवढा फरक ध्यानात ठेवला तरी पुरे. परसात कोथिंबीर व बडीशेप यांची दोन-चार रोपे फुलावर येऊ द्यावीत. त्यांच्या बारीक फुलांवर असे उपकारक कीटक येत राहतात.

झेंडूची गोष्ट थोडी निराळी. टोमॅटोच्या 16 ओळींमागे झेंडूची 1 ओळ लावावी, अशी शिफारस बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने केलेली आहे. घाटेअळीची मादी झेंडूच्या कळ्यांवर अंडी घालणे पसंत करते व टोमॅटो पुष्कळसा वाचतो. झेंडूच्या वासाने किडी पळून जातात, असे जे सर्रास सांगितले जाते, ते म्हणूनच नेमके नाही. येथे झेंडू किडीला बोलावतो आणि त्यावरील अळ्या आपण वेचावयाच्या असतात. जमिनीतील काही जातींच्या सूत्रकृमींना मात्र त्याच्या मुळांतील द्रव्य खरोखरच बाधक ठरते.

खानदेशचा उन्हाळा हा लाल कोळ्याचा हंगाम होय. पारा 44-45 अंशांवर चढला व हवा कोरडी झाली, की गुलाबाच्या पानांवर बारीक पिवळसर ठिपके पडतात आणि खालच्या बाजूस नाजूक जाळी दिसते. हा कोळी कीटक नव्हे, त्यामुळे कीटकनाशकांना तो पुष्कळदा दाद देत नाही. उलट त्याला खाणारे जीव त्यांनी मरतात व तो वाढतो. सकाळी पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारणे, एवढ्यानेच त्याची संख्या पुष्कळ घटते. उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते हे खरे. पण हे पाणी शेवटी झाडाच्या आळ्यातच उतरते. गंधकाची भुकटी कोळ्यावर गुणकारी असली, तरी मे महिन्याच्या उन्हात तिने पाने करपतात, म्हणून ती हिवाळ्यासाठीच राखावी.

निंबोळीचा अर्क

1959 साली सुदानमध्ये टोळधाडीने सारी झाडे फस्त केली असता कडुनिंब तेवढा हिरवा उरला, हे हाइनरिख श्मुटेरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने पाहिले. 1962 साली दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत डॉ. एस. प्रधान व त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या गराचे अवघे 0.1 टक्का मिश्रण पिकावर फवारले तर टोळ ते खात नाहीत, असे दाखवून दिले. यामागील प्रमुख द्रव्य अझाडिरॅक्टिन 1968 साली इंग्लंडमध्ये वेगळे काढण्यात आले. आपल्या आजीला धान्यात निंबाचा पाला घालणे ठाऊक होते. विज्ञानाने त्याचे कारण सांगितले.

घरच्या वापरासाठी कृती सोपी आहे. सावलीत वाळविलेल्या निंबोळ्यांची टरफले काढून आतील बी भरड कुटावी. अशी 50 ग्रॅम पूड कापडाच्या पुरचुंडीत बांधून 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालावी. दुसऱ्या दिवशी ती त्याच पाण्यात चांगली पिळावी व द्रावण गाळून त्यात चिमूटभर साध्या साबणाचा चुरा विरघळवावा. साबणामुळे द्रावण पानाला व किडीच्या मेणकट अंगाला धरून राहते. कपड्यांची तीव्र पावडर वापरू नये, तिने कोवळी पाने जळतात. उन्हात या अर्काचा गुण लवकर नाहीसा होतो, शिवाय मधमाश्या दिवसा फुलांवर असतात, म्हणून फवारणी संध्याकाळी करावी आणि तयार केलेला अर्क त्याच दिवशी संपवावा.

या अर्काविषयी एक तक्रार नेहमी ऐकू येते, ती म्हणजे त्याने कीड मरत नाही. निंबोळी ही झटक्यात मारणारी वस्तूच नव्हे. तिच्यामुळे किडीचे खाणे कमी होते, पिल्लांना कात टाकता येत नाही, पुढील पिढी नीट निपजत नाही. परिणाम दिसण्यास चार-पाच दिवस जातात, आणि आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन-तीन फवारण्या कराव्या लागतात. दुसऱ्याच दिवशी किडी हालताना पाहून धीर सुटतो व हात फळीवरच्या बाटलीकडे जातो. तेवढे चार दिवस थांबता आले पाहिजे.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, ही समजूतही तितकीच चुकीची आहे. दशपर्णी अर्कात रुई, कण्हेर यांसारखा विषारी पाला पडतो. तंबाखूच्या काढ्यातील निकोटिन तर त्वचेतूनही बाधते. परसात जेथे खाण्याची पाने आहेत, तेथे हे दोन्ही टाळावेत हे बरे. निंबोळी अर्क आणि साबणाचे पाणी यांनी काम भागत असताना त्यांची गरज सहसा पडत नाही. किडीची ओळख पटत नसेल, तर फांदीचा तुकडा बंद पिशवीत घालून तालुका कृषी अधिकारी कार्यालयात किंवा जिल्ह्यातील ममुराबाद व पाल येथील कृषी विज्ञान केंद्रांत दाखविता येतो.

आणखी एक गोष्ट राहिली. फुलझाडांचा प्रसार आपल्याकडे फांद्यांच्या देवघेवीने होतो, आणि पिठ्या ढेकूणही त्याच वाटेने घरोघर जातो. शेजारणीकडून आणलेली जास्वंदीची वा गुलाबाची फांदी सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून, पेरांच्या बेचक्या बोटाने पुसून मगच लावावी, व ती कुंडी पंधरा दिवस इतर झाडांपासून दूर ठेवावी. द्यावयाची फांदीही अशीच धुऊन द्यावी. निंबोळ्यांचा साठा करण्याची वेळ आखाजीनंतर येते. मोगऱ्याचा बहर ओसरू लागतो, कपाशीच्या पेरणीची तयारी सुरू होते, त्याच सुमारास निंबाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडू लागतो. पाऊस जोरात लागण्यापूर्वी त्या वेचाव्यात, गर धुऊन बिया सावलीत वाळवाव्यात आणि हवा खेळेल अशा कापडी पिशवीत टांगून ठेवाव्यात. पाच-सहा किलो साठवण एका घराच्या परसाला वर्षभर पुरून शेजारीही देता येते.