उपचार मध्येच थांबले तर...

मनाच्या आजारावर उपचार घेण्यात कमीपणा नाही, ही गोष्ट आता आपल्याकडे हळूहळू मान्य होत आहे. परंतु चालू असलेले उपचार तज्ज्ञांनीच एकाएकी बंद केले तर काय करावे, याविषयी फारसे बोलले जात नाही. त्याचा येथे थोडक्यात विचार करू.

असे घडण्याची कारणे अनेक असतात. सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांची बदली होते, महाविद्यालयातील समुपदेशकाची कंत्राटी नेमणूक संपते, किंवा तज्ज्ञ स्वतःच आजारी पडतात. रुग्णाला मात्र एकच कारण दिसते, "माझेच काही चुकले असेल." घरीही न सांगितलेला वसतिगृहातील अपमान एखाद्या विद्यार्थ्याने आयुष्यात प्रथमच कुणाजवळ बोलून दाखवलेला असतो. ऐकणारा माणूसच निघून गेला की विश्वासाला तडा जातो. अशा वेळी राग येणे, रडू येणे स्वाभाविक आहे. खरा धोका पुढेच असतो. "आता कुणालाच काही सांगायचे नाही" असे ठरवून रुग्ण उपचारच सोडून देतो.

म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट औषधांची. डॉक्टर भेटत नाहीत म्हणून गोळ्या एकदम बंद करू नयेत. नैराश्यावरील काही गोळ्या अचानक थांबवल्यास चक्कर, बेचैनी, निद्रानाश असे त्रास होतात. काही शामक गोळ्या दीर्घकाळ घेऊन एकदम सोडल्यास झटकेही येऊ शकतात. जुनी चिठ्ठी घेऊन लगेच जिल्हा रुग्णालयातील किंवा जवळच्या डॉक्टरांना भेटावे.

दुसरी गोष्ट हक्काची. डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या आचारविषयक विनियमांनुसार, हाती घेतलेल्या रुग्णाला पुरेशी पूर्वसूचना दिल्याशिवाय सोडता येत नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 च्या कलम 25 ने रुग्णाला आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्क दिला आहे. तेव्हा एक शेवटची भेट, नोंदींची प्रत आणि दुसऱ्या तज्ज्ञाच्या नावे चिठ्ठी मागावी. मागताना संकोच करू नये. समोरासमोर बोलणे जड जात असेल तर चार ओळींचा अर्ज लिहावा.

तिसरी गोष्ट नव्या तज्ज्ञाची. पहिल्याच भेटीत "माझे आधीचे उपचार अचानक थांबले, त्याचा मला त्रास झाला" असे स्पष्ट सांगावे. सर्व कहाणी एका दिवसात पुन्हा सांगण्याची गरज नसते. आधी काय उपयोगी पडले आणि काय नाही, याचे टिपण जवळ असल्यास काम सोपे होते.

मधल्या काळात एकटे राहू नये. केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा 14416 हा दूरध्वनी क्रमांक 2022 पासून अहोरात्र उपलब्ध आहे व तेथे मराठीतही बोलता येते. जीव नकोसा वाटू लागल्यास क्षणाचाही विलंब न करता घरच्यांना सांगावे व रुग्णालय गाठावे.

घरच्यांनीही "बरे झाले, सुटलास एकदाचा" असे म्हणू नये. पहिल्या भेटीला सोबत जावे, बाहेर बाकावर बसून राहावे. एवढ्यानेही धीर येतो.

तज्ज्ञ बदलला म्हणून आतापर्यंत केलेले कष्ट वाया जात नाहीत. आपण बोलायला शिकलो, ही कमाई आपलीच असते. ती घेऊन दुसरे दार ठोठावले पाहिजे.