कंसातली किंमत

मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या एसव्हीसी बँकेला, म्हणजे १९०६ साली स्थापन झालेल्या आपल्या शामराव विठ्ठल सहकारी बँकेला, जाहीर खुलासा करावा लागला की बुडालेली बँक ती आम्ही नव्हे. बुडाली होती कॅलिफोर्नियातली एसव्हीबी, सिलिकॉन व्हॅली बँक. नावातल्या एका अक्षराचा घोळ. खुलासा झाला आणि विषय हसण्यावारी गेला. मात्र त्या अमेरिकी बँकेचा शेवटचा वार्षिक ताळेबंद हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

३१ डिसेंबर २०२२ च्या त्या ताळेबंदात ‘मुदतपूर्तीपर्यंत ठेवायचे रोखे’ या ओळीसमोर सुमारे ९१ अब्ज डॉलर हा आकडा होता. त्याच ओळीत, कंसात, वाजवी मूल्य दिलं होतं: सुमारे ७६ अब्ज. फरक १५ अब्जांचा आणि बँकेचं स्वतःचं भांडवल सुमारे १६ अब्ज. यात लपवाछपवी नव्हती, सगळं नियमात बसणारं होतं. पण कंसातला आकडा बाहेर काढून हिशेब केला असता, तर भागधारकांच्या वाट्याला जवळजवळ काहीच उरत नव्हतं.

हे १५ अब्ज गेले कुठे? कर्ज बुडवलं कोणीच नव्हतं. रोखे बहुतांशी अमेरिकी सरकारच्या पाठबळाचे होते. वाढले होते ते व्याजदर. समजा, ७ टक्के व्याजाचा, दहा वर्षं मुदतीचा १०० रुपयांचा रोखा तुमच्याकडे आहे आणि उद्यापासून बाजारात तसलाच नवा रोखा ८ टक्के देऊ लागला. तुमचा रोखा शंभराला कोण घेईल? दरवर्षीचे ७ रुपये आणि शेवटचे १०० रुपये ८ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणले, की बेरीज ९३ रुपये २९ पैसे येते. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने २०२२ च्या एका वर्षात दर जवळजवळ शून्यावरून सव्वाचार ते साडेचार टक्क्यांच्या पट्ट्यात नेले. दर तळाला असताना घेतलेल्या लांब मुदतीच्या रोख्यांचं काय झालं असेल, हे याच गणिताने कळतं.

मग ९१ अब्ज लिहायची मुभा का? नियमाचं म्हणणं असं की रोखा विकायचाच नसेल तर मधल्या भावाची चिंता कशाला, मुदत संपली की पूर्ण रक्कम येणारच आहे. म्हणणं चुकीचं नाही. फक्त ‘विकायचा नाही’ हा निर्णय एकट्या बँकेच्या हातात नसतो, ठेवीदारांनीही शांत बसावं लागतं. ८ मार्चला बँकेने आपले दुसऱ्या गटातले, विक्रीसाठी ठेवलेले रोखे १.८ अब्जांच्या तोट्याने विकल्याचं सांगितलं. ९ मार्चला ठेवीदारांनी ४२ अब्ज डॉलर काढून घेतले आणि १० मार्चला बँकेला टाळं लागलं.

वाजवी मूल्याची व्याख्या २०११ साली आंतरराष्ट्रीय लेखामानक मंडळाने आयएफआरएस १३ मध्ये पक्की केली. आपल्याकडे तीच भारतीय लेखामानक ११३ म्हणून आली आणि एप्रिल २०१६ पासून मोठ्या कंपन्यांना टप्प्याटप्प्याने लागू झाली. वाजवी मूल्य म्हणजे आज, घाईगर्दी किंवा जबरदस्ती नसताना, बाजारातल्या जाणकाराला ती वस्तू विकली तर मिळणारी किंमत. तुम्ही ती कितीला घेतली होती, तुमच्या मनात तिचं काय करायचं आहे, याला इथे जागा नाही. मनातल्या बेताला जागा आहे ती आधीच्या पायरीवर. मालमत्ता मूळ हिशेबाने दाखवायची की वाजवी मूल्याने, हे त्या बेतावर आणि मिळणाऱ्या पैशाच्या स्वरूपावर ठरतं.

किंमत शोधायचे तीन स्तर आहेत. पहिल्यात शेअर बाजारातला भाव थेट उचलायचा. दुसरा स्तर म्हणजे आपल्या सोसायटीत शेजारचा फ्लॅट कितीला गेला हे पाहून आपल्या फ्लॅटचा अंदाज बांधणं. फारसे व्यवहार न होणाऱ्या कंपन्यांच्या कर्जरोख्यांचं असंच होतं. त्याच मुदतीच्या सरकारी रोख्याचा परतावा घ्यायचा, त्यावर पतमानांकनाप्रमाणे जोखमीची भर घालायची आणि वरचंच गणित करायचं. तिसऱ्या स्तरात शेजारी फ्लॅटच नसतो. तिथे कंपनीचे स्वतःचे अंदाज चालतात.

तिसरा स्तर किती हलू शकतो? ऑनलाइन शिकवण्यांची बायजूज २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलरची कंपनी म्हणून मिरवत होती. तिच्यातली मोठी गुंतवणूकदार प्रोसस हिने नोव्हेंबर २०२३ मध्ये ती ३ अब्जांपेक्षा कमी धरली आणि पुढच्या वर्षी आपल्या हिश्शाची किंमत थेट शून्यावर आणली.

कर्जाच्या बाजूला हेच तत्त्व उलटं पालटतं, आणि या विषयातला माझा सर्वांत आवडता विक्षिप्तपणा तिथेच आहे. कंपनीची पत घसरली की तिच्या कर्जरोख्यांचा भाव पडतो. ते कर्ज वाजवी मूल्याने मांडलं असेल तर देणं कमी झालं, म्हणजे फायदा झाला! २०११ च्या तिसऱ्या तिमाहीत युरोपातल्या कर्जसंकटामुळे अमेरिकी बँकांकडे संशयाने पाहिलं जात होतं. त्या तिमाहीत मॉर्गन स्टॅनलीने निव्वळ या कारणाने सुमारे ३.४ अब्ज डॉलरचं उत्पन्न दाखवलं. तर्कात खोट नाही, कारण तेच रोखे बाजारातून स्वस्तात परत घेता आले असते. पण आजारपण वाढलं म्हणून पेढे वाटण्यासारखं हे काहीतरी होतं. पुढे नियम बदलले, आणि आता स्वतःची पत घसरल्याचा असा लाभ सहसा नफ्यात न धरता इतर सर्वसमावेशक उत्पन्नात टाकतात. बहुतेक भारतीय कंपन्या आपलं कर्ज मूळ हिशेबानेच दाखवतात आणि वाजवी मूल्य टिपांमध्ये देतात.

म्युच्युअल फंडांना कंस नाही. त्यांचा रोजचा एनएव्ही, म्हणजे एका युनिटमागचं मूल्य, हे वाजवी मूल्यच. म्हणून एटी-१ रोख्यांचा वाद आपल्यापर्यंत पोचला. बँकांच्या या रोख्यांना मुदतच नसते, पण साधारण पाच वर्षांनी बँक ते परत घेईल असं धरून बाजार त्यांचा भाव लावतो. मार्च २०२० मध्ये येस बँकेचे ८,४१५ कोटींचे असे रोखे एका फटक्यात निर्लेखित झाले. वर्षभराने, १० मार्च २०२१ ला, फंडांची नियामक असलेल्या सेबीने फर्मावलं की मुदत नाही ना, मग ती १०० वर्षं धरून किंमत काढा. शंभर वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांची ८ टक्क्यांनी आजची किंमत साडेचार पैसे होते, हे लक्षात घेतलं की खळबळ का उडाली ते कळतं. फंड विक्री करतील आणि सरकारी बँकांना भांडवल मिळणं अवघड होईल, म्हणून अर्थ मंत्रालयाने हा नियम मागे घ्यायला सांगितलं. सेबीने शंभरापर्यंतचा प्रवास टप्प्याटप्प्याचा केला. शेवटी ऑगस्ट २०२४ मध्ये, राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरणाच्या सल्ल्यानंतर, गाडी पुन्हा ‘बाजार जसा भाव लावतो तसा’ या मुक्कामावर आली. माझ्या मते सेबीची भीती बरोबर होती, उपाय चुकला. रोखा जोखमीचा असेल तर फंडाने तो किती घ्यावा यावर मर्यादा घालावी, जी सेबीने त्याच परिपत्रकात घातलीही होती. व्याख्येत ‘बाजारातला जाणकार’ म्हटल्यावर बाजार न मानणारी किंमत त्यात बसवता येत नाही.

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ पासून बँकांच्या गुंतवणुकीसाठी नवे नियम लावले. मुदतपूर्तीपर्यंत ठेवायच्या रोख्यांची मूळ हिशेबाची सोय त्यांतही कायम आहे. मात्र तिसऱ्या स्तरातल्या अंदाजावर नफा दाखवला, तर तो प्रत्यक्ष हाती येईपर्यंत त्यातून लाभांश वाटायला बँकांना मनाई आहे.