वारा पाठीशी, वारा तोंडावर

गडचिरोलीहून आरमोरीकडे जाणाऱ्या सडकेवर तुमच्यापैकी काहींनी सायकल चालवली असेल. वारा पाठीशी असला म्हणजे तो सुटला आहे हे ध्यानातही येत नाही. परत फिरलात की तोच वारा छातीवर आदळतो आणि पुरती दमछाक होते. हा अनुभव लक्षात ठेवा. समुद्रावर एका दिवसासाठी शिडाची होडी भाड्याने घ्याल, तेव्हा तो फार उपयोगी पडेल.

“आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात समुद्र कुठला?” असे तुम्ही विचाराल. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि आपले पाणी बंगालच्या उपसागरात जाते. आपण मात्र समुद्रापर्यंत क्वचितच पोचतो. परंतु वारा ओळखण्याची विद्या रानातही शिकता येते. ती कशी, ते पाहू या.

१८०५ च्या सुमारास फ्रान्सिस ब्यूफोर्ट या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याने वाऱ्याच्या जोराची एक श्रेणी तयार केली. कोणत्या वाऱ्यात युद्धनौकेने किती शिडे उभारावीत, यावरून ती सांगितली जाई. पुढे विसाव्या शतकात तिला जमिनीवरच्या खुणा जोडल्या गेल्या. झाडाची पाने व डहाळ्या सतत हलत असतील तर श्रेणी ३, म्हणजे वाऱ्याचा वेग ताशी १२ ते १९ किलोमीटर. धूळ उडू लागली, लहान फांद्या हलू लागल्या की श्रेणी ४, म्हणजे २० ते २८. लहान झाडे डोलू लागली की श्रेणी ५. मोठ्या फांद्या हलतात आणि छत्री सांभाळणे कठीण होते तेव्हा श्रेणी ६, म्हणजे ३९ ते ४९. समुद्रावर झाडे नाहीत. तिथे लाटांच्या माथ्यावरचा पांढरा फेस पाहायचा. श्रेणी ४ मध्ये असे फेसाळ माथे बरेच दिसतात, श्रेणी ६ मध्ये जिकडेतिकडे.

आता समजा, हिवाळ्याच्या सुटीत तुम्ही आईबाबांबरोबर मुंबईला गेलात. गेटवे ऑफ इंडियाच्या परिसरात नाविकासह शिडाच्या होड्या भाड्याने मिळतात. समोरचा मांडवा सुमारे १४ किलोमीटर दूर, साधारण दक्षिणेला. भूगोलात तुम्ही मतलई आणि खारे वारे शिकला आहातच. सकाळी जमिनीवरून येणारा मतलई वारा बहुधा मंद असतो. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि मुंबईत तो बहुधा वायव्येकडून येतो. म्हणजे दुपारी मांडव्याकडे निघालात तर वारा पाठीशी! होडी सुखाने धावते, उकडतेसुद्धा. “अजून पुढे जाऊ या ना, तांडेलकाका!” असे तुम्ही म्हणता.

इथेच खरी मेख आहे. वारा ताशी २० किलोमीटरचा आणि होडी ताशी ८ किलोमीटरने वाऱ्याबरोबर चालली असेल, तर होडीतल्या माणसाला वारा जाणवतो केवळ २० वजा ८, म्हणजे १२ किलोमीटरचा. परत फिरून होडी त्याच वेगाने वाऱ्याशी ४५ अंशांचा कोन करून चालली, तर तोच वारा सुमारे २६ किलोमीटरचा भासतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट तर दाब चौपट. म्हणजे वारा तसूभरही वाढला नाही, तरी शिडावरचा भार चौपटीहून अधिक झाला!

मग वाऱ्याच्या विरुद्ध होडी जाते तरी कशी? ओला चिंचोका दोन बोटांच्या चिमटीत दाबा. तो पुढे सटकतो. शिडावरचा वारा होडीला पुढे कमी आणि बाजूला अधिक ढकलतो. होडीच्या तळाचा उभा कणा पाण्यात रुतून तिला बाजूला सरकू देत नाही. या दोघांच्या चिमटीत सापडलेली होडी पुढे सरकते. मात्र थेट वाऱ्याच्या तोंडावर ती जाऊ शकत नाही. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, असे नागमोडी वळत जावे लागते. चौरसाचा कर्ण १४ किलोमीटर असेल तर त्याच्या दोन बाजू मिळून सुमारे २० किलोमीटर होतात. वाट लांबली, भार वाढला आणि सूर्य तर खाली चालला!

म्हणून जाणता तांडेल निघण्यापूर्वीच परतीचा हिशेब करतो. हवामान खात्याचा इशारा पाहतो. फेस वाढू लागला की शिडाचा काही भाग गुंडाळून ते लहान करतो. क्षेत्रफळ निम्मे केले की भारही सुमारे निम्मा होतो. तो “आता मागे फिरू” म्हणाला तर हट्ट करू नका. आणि होडीत पाय ठेवण्यापूर्वी प्रत्येकाला लाइफ जॅकेट मिळाले आहे ना, हे विचारा. त्यात संकोच कसला? २०२४ च्या जानेवारीत चामोर्शी तालुक्यात वैनगंगेत नाव उलटली आणि मिरची तोडायला पलीकडे निघालेल्या महिलांना प्राण गमवावे लागले. नदी असो वा समुद्र, पाण्याचा नियम एकच.

उद्यापासून एक करा. शाळेच्या पटांगणाच्या कडेला मोकळ्यावर उभे असलेले एखादे झाड निवडा. दाट रानातले नको, तिथे वारा अडतो. रोज सकाळी आणि दुपारी तीन वाजता त्याच्या पाना-फांद्या पाहून वाऱ्याची श्रेणी वहीत टिपा. महिनाभरात तुम्हाला वारा ‘वाचता’ येऊ लागेल. मग समुद्र कितीही लांब असला, तरी पहिल्यांदा होडीत बसाल तेव्हा तुम्ही अगदीच नवखे नसाल.