टांझानियाचा माल : कोणत्या खडकातून काय निघते?

दलाल पुडी उघडतो आणि म्हणतो, "टांझानियाचा माल आहे." व्यापारी खडे उजेडात धरून रंग पाहतो, भाव विचारतो, घासाघीस करतो. हा माल त्या देशाच्या कोणत्या भागातून, कोणत्या खडकातून आला, हे मात्र फार थोडे लोक विचारतात. आमच्या मते पहिला प्रश्न तोच असावा. टांझानियात सोने, हिरे आणि रंगीत रत्ने एकाच जमिनीत मिळत नाहीत. प्रत्येकाचा खडक वेगळा आहे, आणि खडक ठाऊक असला की निम्मी फसवणूक तिथेच उघडी पडते.

प्रथम नकाशा पाहू. देशाचा मध्य आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिणेचा प्रदेश हा अतिप्राचीन खडकांचा आहे, अडीचशे कोटी वर्षांहूनही जुन्या. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, म्हणजे त्याच्यापुढे कालचे पोर! या जुन्या खडकात हिरवट झाक असलेल्या ज्वालामुखी खडकांचे पट्टे आहेत आणि सोने त्यात सापडते. गेइटा, बुलियानहुलू, नॉर्थ मारा या खाणी याच पट्ट्यांतल्या. कर्नाटकातील कोलारचे सोनेही अशाच जातीच्या खडकात होते. गेइटा येथे तर लोहयुक्त थरांत सोने आहे. तप्त पाणी भेगांतून वर आले, लोखंडाशी त्याची रासायनिक क्रिया झाली आणि सोने तिथेच बसले. आज टांझानियाला खनिजांतून मिळणाऱ्या परकीय चलनात सर्वांत मोठा वाटा सोन्याचाच आहे.

याच सोन्याच्या नावावर आमच्या बांधवांना गंडा घातला जातो. फोन येतो, संदेश येतो. बोलणारा सलाम करतो, दीनी भाऊ म्हणवून घेतो आणि आफ्रिकेतील सोन्याची भुकटी बाजारभावाच्या कितीतरी खाली देऊ करतो. आधी फक्त "वाहतुकीचा खर्च" किंवा "सरकारी कर" पाठवा, एवढीच अट! इथे थोडा विचार करावा. टांझानिया सरकारने २०१९ पासून खाण भागांत खनिज खरेदी-विक्री केंद्रे उघडली; त्यांतले एक गेइटा येथे आहे. पाऱ्याने सोने गोळा करणारा तिथला गरीब खाणकामगारसुद्धा जगाचा भाव जाणतो. पाऱ्याची वाफ स्वतःच्या फुफ्फुसात घेऊन काढलेले सोने तो मुंबईतल्या अनोळखी माणसाला निम्म्या किमतीत का देईल? ज्याने आगाऊ रक्कम पाठवली, त्याने ती गेली असेच समजावे.

हिऱ्यांची गोष्ट निराळी. जमिनीखाली दीडशे किलोमीटर किंवा त्याहून खोल तयार झालेले हिरे किंबरलाइट नावाच्या खडकाने नळीसारख्या वाटेने वर आणले. अशा नळ्या जुन्या, जाड भूखंडातच हिरे देतात. शिन्यांगाजवळचे म्वादुई हे जगातील सर्वांत मोठ्या किंबरलाइट नळ्यांपैकी एक. कॅनडाचे भूवैज्ञानिक जॉन विल्यमसन यांनी ते १९४० मध्ये शोधले. म्वान्झाचे भारतीय वंशाचे वकील आय. सी. चोप्रा त्यांचे भागीदार होते. १९४७ मध्ये तिथे ५४.५ कॅरेटचा गुलाबी हिरा निघाला आणि तो राजकन्या एलिझाबेथ यांना लग्नाची भेट म्हणून दिला गेला.

बाकीची खनिजे थोडक्यात सांगतो. पूर्व आफ्रिकेची जमीन जिथे फाटते आहे, त्या खचदरीत नेट्रॉन सरोवराचा सोडा आहे आणि ओल्दोन्यो लेंगाई हा ज्वालामुखीही; त्याचा सोडायुक्त लाव्हा जगात दुसरीकडे कुठेही आज वाहत नाही. मिंजिंगूचा फॉस्फेट खतासाठी जातो. वायव्येला कबांगा येथे निकेल, नैर्ऋत्येच्या गाळखडकांत कोळसा, किनाऱ्याजवळ सोंगो सोंगो येथे नैसर्गिक वायू. ही कामे मोठ्या भांडवलाची असल्याने आमच्या बहुतेक वाचकांचा त्यांच्याशी थेट संबंध येत नाही.

संबंध येतो तो रत्नांशी. देशाच्या पूर्वेकडून उत्तर-दक्षिण एक पट्टा जातो, त्याला भूशास्त्रात मोझांबिक पट्टा म्हणतात. साठ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास दोन भूखंड एकमेकांवर आदळले. मधला चिखल, चुनखडी, सेंद्रिय गाळ खोल दाबला गेला, भाजला गेला, त्याच्या घड्या पडल्या. चुनखडीचा संगमरवर झाला आणि गाळातल्या कार्बनचे ग्रॅफाइट. लोंगिदोचे माणिक, महेंगेचे स्पिनेल, उंबाचे नीलम हे सारे याच उलथापालथीचे फळ. तेव्हा मादागास्कर आणि श्रीलंका या भूभागाला चिकटून होते, म्हणून तिथल्या पुड्यांतही अशीच रत्ने दिसतात.

टांझानाइट मात्र व्यापारी प्रमाणात एकाच जागी मिळतो. किलिमांजारोच्या पायथ्याकडे, सिमांजिरो जिल्ह्यात मेरेलानी नावाच्या काही किलोमीटरच्या टापूत. तिथल्या गाळात व्हॅनेडियम धातूचा अंश होता. तप्त द्रवाने तो झोइसाइट या खनिजात नेला आणि निळा-जांभळा रंग आला. खाणीतून निघालेला खडा मात्र बहुधा तपकिरी असतो. सुमारे पाचशे-सहाशे अंशांवर तापवला की तपकिरी छटा जाऊन निळाई उमटते.

हा खडा जगापुढे आला तो १९६७ मध्ये. त्याची नोंद करणारे मॅन्युएल डिसूझा हे मूळचे गोव्याचे, अरुशात स्थायिक झालेले शिंपी. कपडे शिवता शिवता रानात खनिजे शोधायचा त्यांना छंद! प्रथम त्यांना तो नीलमच वाटला. टांझानिया सरकार शोधाचे श्रेय जुमान्ने न्गोमा या स्थानिक माणसाला देते. २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष मागुफुली यांनी त्यांचा गौरव केला. १९६८ मध्ये टिफनी या अमेरिकन पेढीने देशाच्या नावावरून खड्याचे बारसे केले. त्यानंतर त्याला पैलू पाडण्याचे काम मोठ्या प्रमाणात जयपूरला आले, आणि तिथल्या कारागिरांत आपले बांधव किती आहेत हे सांगायला नको.

कारागिरांसाठी दोन शब्द. टांझानाइटची कठिणता सहा ते सात, नीलमच्या नऊपेक्षा बरीच कमी, आणि एका दिशेने तो सहज चिरतो. चाकावर जास्त तापला किंवा गरम असताना पाणी लागले तर हातचा माल गेला. अंगठीत बसवताना नखी जोराने दाबू नये, ध्वनिलहरींच्या यंत्रात धुऊ नये. खड्यात दिशेप्रमाणे निळा व जांभळा रंग दिसतो. निळा तोंडावर आणायचा तर वजन जास्त घटते, म्हणून अनेक जण जांभळा ठेवून वजन वाचवतात. हिशेब ज्याचा त्याने करावा, पण गिऱ्हाइकाला भाव सांगताना तो फरक सांगावा.

तापवलेपणाबद्दलही तसेच. या खड्याच्या बाबतीत तापवणे सर्वमान्य आहे, रंग टिकतो, त्यात ऐब नाही. लपवणे मात्र ऐब आहे. २००८ मध्ये कोबाल्टचा पातळ थर चढवलेले टांझानाइट बाजारात उघडकीस आले. झिजलेल्या कडांवर रंग फिका दिसला म्हणून ते पकडले गेले. धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल बाहेर काढणारे प्रेषित (स.) आम्हांला ठाऊक आहेत, हा थर म्हणजे त्याच ओल्या धान्यावर पसरलेले कोरडे धान्य.

कागदपत्रांचा धडा आम्हांला २००१ ने दिला. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये एका अमेरिकन वृत्तपत्राने टांझानाइटचा पैसा अतिरेक्यांकडे जातो असे छापले. मोठ्या दुकानांनी विक्री थांबवली आणि भाव कोसळले. २००२ च्या फेब्रुवारीत अमेरिकन सरकारनेच पुरावा नसल्याचे सांगितले. तोवर मुसलमान नावाच्या व्यापाऱ्याकडे संशयाने पाहून झाले होते. अफवेला उत्तर देण्यासाठी प्रत्येक टप्प्याच्या पावत्या एवढेच हत्यार त्यांच्या हाती उरले.

आता टांझानियाचे सरकारही कागद मागते. २०१० मध्ये एक ग्रॅमपेक्षा मोठ्या कच्च्या टांझानाइटच्या निर्यातीवर बंदी आली. २०१७ च्या कायद्याने रत्नांवर सहा टक्के स्वामित्वधन आणि एक टक्का तपासणी शुल्क लावले. २०१८ मध्ये मेरेलानीभोवती चोवीस किलोमीटरची भिंत पूर्ण झाली. चोरटा माल कमी झाल्याने फायदा कोणाला झाला हे २०२० मध्ये दिसले : सानिनियू लाइझर या मासाई खाणमालकाने ९.२७ व ५.१ किलोचे दोन दगड सरकारला ७७४ कोटी शिलिंगांना विकले. तेव्हा कोणी आज मोठा कच्चा खडा हाती ठेवला आणि निर्यातीचा कागद दाखवला नाही, तर भाव कितीही गोड असो, पुडी बांधून परत द्यावी.

आता जकातीचे. बोटातल्या अंगठीच्या खड्यावर जकात नाही. विक्रीसाठी ठेवलेल्या खड्यांवर इतर व्यापारी मालाप्रमाणे चाळिसावा हिस्सा आहे. टांझानाइटचा भाव वर-खाली होत असतो, म्हणून खरेदीची जुनी रक्कम न धरता वर्ष पुरे होईल त्या दिवशीचा बाजारभाव धरावा, आणि पैलू पाडायला दिलेला मालही मोजणीत घ्यावा.